इतकं मोठं संशोधन झालंय, मग मला जुनीच गोळी का?

प्रश्न : माझं वय 41 आहे. गेले सहा महिने सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, तास-दीड तास मूठ वळत नाही. मनगटं आणि पायांच्या चवड्यांचे सांधे सुजतात. तपासणीत आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने तयार केलेली रक्तातली प्रथिनं) पॉझिटिव्ह आल्या आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचं, निदान झालं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम, सोबत फॉलिक ॲसिड आणि रोज प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड 5 मिलिग्रॅम सुरू आहे. तीन आठवडे झाले. मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं आणि सूज तशीच आहे. थोडा आराम पडलाय, पण तो स्टिरॉइडचा असावा. माझ्या भावाने वाचलं की लंडनच्या संशोधकांनी तीस वर्षांपूर्वीच टीएनएफ नावाचं रसायन अडवणारं इंजेक्शन शोधलंय. मग मला कॅन्सरवरची जुनी गोळी का देतात? ती बंद करून थेट इंजेक्शन मागू का? हा आजार मुळापासून जातो का? माझी धाकटी बहीण सिगारेट ओढते. तिचीही रक्ततपासणी करून घ्यावी का?

उत्तर : ताई, मेथोट्रेक्सेट स्वतःहून थांबवू नका. तीन आठवड्यांत या औषधाबद्दल काहीच ठरवता येत नाही. परिणाम जाणवायला साधारण सहा आठवडे लागतात, नीट अंदाज यायला तीन महिने. आत्ता जो आराम आहे तो स्टिरॉइडचा, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तो त्यासाठीच दिलेला असतो, दुसरं औषध लागू पडेपर्यंतचे आठवडे निभावायला.

आता भावाने वाचलेल्या संशोधनाबद्दल. ते खरं आहे आणि थोडं सविस्तर समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या गोळीचं उत्तर त्यातच आहे.

हे काम रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांचं, लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधलं. 1980च्या दशकात आजारी सांध्याच्या अस्तरात दाह वाढवणारी एकामागून एक रसायनं सापडत होती. इतकी, की त्यातलं एखादं अडवून काही साधेल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. एक थांबवलं तर दुसरं त्याची जागा घेईल असाच अंदाज होता. 1989 मध्ये फिओनुला ब्रेनन यांच्यासह या गटाने रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत जिवंत ठेवल्या आणि त्यात टीएनएफला निकामी करणारी अँटिबॉडी घातली. टीएनएफचा प्रभाव संपलाच, पण त्याबरोबर इंटरल्युकिन-1 हे दुसरं दाहकारक रसायनही तयार होईनासं झालं. म्हणजे ही रसायनं सुटी-सुटी काम करत नव्हती, त्यांची साखळी होती आणि टीएनएफ तिच्या वरच्या टोकाला होता. पुढे संधिवात झालेल्या उंदरांवरही हाच अनुभव आला. 1992 मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णांना ही अँटिबॉडी शिरेतून दिली गेली. तीच पुढे इन्फ्लिक्सिमॅब या नावाने बाजारात आली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 73 रुग्ण होते. जास्त मात्रा मिळालेल्यांपैकी 79 टक्के रुग्ण चार आठवड्यांत लक्षणीय सुधारले. ज्यांना औषधाविना नुसता द्राव दिला होता त्यांच्यात हे प्रमाण 8 टक्के होतं. मैनी आणि फेल्डमन यांना 2003 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

पण भावाने वाचलेल्या लेखात पुढची गोष्ट बहुधा नसावी. त्या पहिल्या रुग्णांची सूज काही आठवड्यांनी परत आली. औषध पुन्हा द्यावं लागलं, आणि पुन्हा पुन्हा दिल्यावर काहींच्या शरीराने त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार केल्या. तेव्हा याच मैनींच्या गटाने काही रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅबबरोबर आठवड्याला 7.5 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट देऊन पाहिलं. 1998 मध्ये निष्कर्ष आले. कमी मात्रेतलं इन्फ्लिक्सिमॅब एकटं दिलं तर त्याचा गुण ओसरत होता. जोडीला मेथोट्रेक्सेट असलं की टिकत होता आणि औषधाविरुद्धच्या अँटिबॉडीही कमी तयार होत होत्या.

नव्या रुग्णांमध्ये काय होतं, याचं उत्तर 2006 मध्ये ॲडालिमुमॅब या दुसऱ्या टीएनएफरोधक इंजेक्शनच्या चाचणीतून मिळालं. आजार सुरू होऊन तीन वर्षं व्हायची होती आणि आधी मेथोट्रेक्सेट घेतलेलं नव्हतं, असे सुमारे 800 रुग्ण. वर्षभरानंतर लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्यांचं प्रमाण नुसत्या इंजेक्शनवर 41 टक्के होतं, नुसत्या मेथोट्रेक्सेटवर 46 टक्के आणि दोन्ही मिळून 62 टक्के. क्ष-किरणांत दिसणारी हाडांची झीज रोखण्यात मात्र इंजेक्शन सरस ठरलं, हेही सांगायला हवं. पण तुम्ही जे करू पाहता आहात, म्हणजे मेथोट्रेक्सेट सोडून एकटं इंजेक्शन, तो या तीन पर्यायांतला लक्षणांसाठी सर्वांत उणा पर्याय होता. इंजेक्शनची वेळ आलीच, तरी डॉक्टर शक्यतो मेथोट्रेक्सेट चालूच ठेवतील.

‘कॅन्सरवरचं औषध’ ही भीती जवळजवळ प्रत्येक रुग्णाला वाटते. नाव तेच आहे, मात्रा वेगळ्या आहेत. काही कॅन्सरांमध्ये शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 500 मिलिग्रॅम आणि त्याहून कितीतरी जास्त मेथोट्रेक्सेट शिरेतून देतात. तुमची पूर्ण आठवड्याची मात्रा 15 मिलिग्रॅम आहे. एवढ्याशा मात्रेत त्याचं मुख्य काम दाह शमवण्याचं असतं. पेशींबाहेर ॲडेनोसिन वाढतं आणि ते प्रतिकारशक्तीच्या चवताळलेल्या पेशींना शांत करतं, असं आज मानलं जातं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी अमेरिकेत या औषधाला 1988 मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. तेव्हापासूनचा प्रचंड अनुभव त्याच्यामागे आहे आणि त्याचे धोके नेमके कुठे आहेत हे माहीत आहे. सुरक्षित वापर त्या माहितीवरच चालतो, म्हणून ती तुमच्याकडेही असायला हवी.

सर्वांत मोठा धोका चुकून रोज घेण्याचा. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, त्यात ही एकटी आठवड्याची, म्हणून गफलत होते. वार ठरवा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा. सोमवार-मंगळवारसारखे जोडीने आठवणारे वार टाळा. एकटा लक्षात राहणारा एखादा वार बरा. दुसरी गफलत गोळीच्या ताकदीची. ही गोळी 2.5 आणि 10 अशा वेगवेगळ्या मिलिग्रॅममध्ये मिळते. 15 मिलिग्रॅम म्हणजे 2.5 च्या सहा गोळ्या. दुकानदाराने 10 ची पट्टी दिली आणि तुम्ही सवयीने सहा घेतल्या तर 60 मिलिग्रॅम पोटात जाईल. त्यामुळे दर वेळी एकाच ताकदीची गोळी घ्या आणि पट्टीवरचा आकडा वाचूनच पैसे द्या. सलग काही दिवस रोज घेतली गेली, तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी झपाट्याने घटतात आणि जिवावर बेतू शकतं. असं झाल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. फॉलिनिक ॲसिड हा त्यावरचा उतारा आहे. उलट, ठरलेल्या वारी घ्यायची राहिली तर पुढच्या दोन दिवसांत घेता येते. त्यापुढे गेलं तर तो आठवडा सोडून द्या. दोन आठवड्यांची मात्रा एकदम घेऊन भरपाई कधीही करू नका.

मळमळीवर इलाज आहे, त्यासाठी औषध सोडायची गरज बहुतेकदा पडत नाही. गोळी रात्री जेवणानंतर, झोपण्याच्या बेताला घ्या, म्हणजे मळमळीचे बरेचसे तास झोपेत जातात. फॉलिक ॲसिड किती आणि कोणत्या दिवशी घेताय ते डॉक्टरांना सांगा; ते आठवड्याला 5 मिलिग्रॅम एकदा किंवा रोज 1 मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या पद्धतींनी देतात आणि मळमळ असेल तर वाढवतात. बरेच डॉक्टर मेथोट्रेक्सेटच्या दिवशी ते टाळायला सांगतात. एवढं करूनही थांबलं नाही, तर मेथोट्रेक्सेटचंच त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन मिळतं. त्यात पोटाचा त्रास बऱ्याच जणांना कमी होतो, शिवाय 15 मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर गोळीतलं औषध आतड्यातून पूर्ण शोषलं जात नाही, ती अडचणही सुटते. तुम्ही मागायचंच असेल तर आधी हे इंजेक्शन मागा.

रक्ततपासण्या चुकवू नका. पेशींची मोजणी, यकृताची एन्झाइम्स आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी), हे पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे सगळं स्थिर झालं की दोन-तीन महिन्यांनी. रक्त पुढच्या गोळीच्या एक-दोन दिवस आधी द्या. गोळी घेतल्याच्या लगेच दुसऱ्या दिवशी दिलं, तर यकृताची एन्झाइम्स तात्पुरती वाढलेली दिसू शकतात आणि विनाकारण औषध बंद होतं. हे फार वेळा घडतं. औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आणि सी आणि छातीचा एक्स-रे झाला होता का, तेही विचारून घ्या.

काही प्रसंगी मात्र पुढची गोळी घेण्याआधी फोन करायचाच: ताप आणि घसादुखी, तोंडात फोड, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, डोळे पिवळे होणं, नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला आणि धाप. शेवटच्यात उशीर अजिबात नको. फुप्फुसाची ही प्रतिक्रिया क्वचितच होते, पण गंभीर असते. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं असेल तेव्हाही विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि पाणी कमी झालं की ते रक्तात साचतं. लघवीच्या संसर्गासाठी कोणी ट्रायमेथोप्रिम किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल लिहून दिलं, तर मेथोट्रेक्सेट सुरू असल्याचं सांगा. ही जोडी अस्थिमज्जेला धोक्याची आहे. दारू यकृतावरचा भार वाढवते. आणि तुमच्या वयात गर्भधारणा अजून शक्य आहे, म्हणून हेही स्पष्ट सांगतो: या औषधावर असताना गर्भ राहू नये यासाठी खात्रीचा उपाय हवा, आणि मूल हवं असेल तर औषध एक ते तीन महिने आधी थांबवून दुसरं सुरू करावं लागतं.

प्रेडनिसोलोन मनाने अचानक सोडू नका आणि बरं वाटतंय म्हणून वर्षभर ओढतही नेऊ नका. हाडं ठिसूळ होणं, साखर आणि रक्तदाब वाढणं हे सगळं त्याच्याबरोबर येतं. मेथोट्रेक्सेट लागू पडू लागलं की ते हळूहळू कमी करून तीन महिन्यांच्या आसपास बंद करायचं, असा साधारण बेत असतो. तुमच्या बाबतीत बेत काय आहे ते विचारा.

मग टीएनएफरोधक इंजेक्शन कधी? याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नसतं, मोजून द्यायचं असतं, आणि आमच्या मते तुमच्या पत्राचा गाभा इथे आहे. 2004 मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. 110 रुग्ण, दोन गट. एका गटाला नेहमीसारखी अधूनमधून तपासणी. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजायचे आणि सूज ठरलेल्या पातळीच्या वर असेल तर तिथल्या तिथे औषध वाढवायचं, सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन द्यायचं. औषधं जुनीच: मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टिरॉइड. दीड वर्षानंतर आजार शांत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 16 टक्के, दुसऱ्या गटात 65 टक्के. एकही नवं औषध न वापरता हा फरक पडला. औषध नवं आहे की जुनं यापेक्षा सूज किती लवकर उतरली आणि ती उतरली की नाही हे कोणी मोजलं, याने सांध्यांचं भवितव्य जास्त ठरतं. एकदा कुरतडलं गेलेलं हाड आणि कूर्चा कोणत्याच औषधाने भरून येत नाही.

म्हणून प्रत्येक भेटीत तुमचा सीडीएआय किती आला ते विचारा. हिशेब साधा आहे. 28 ठरावीक सांध्यांपैकी सुजलेले किती, दाबल्यावर दुखणारे किती, अधिक तुमच्या मते आजाराची तीव्रता 0 ते 10, अधिक डॉक्टरांच्या मते 0 ते 10. बेरीज 22 च्या वर गेली तर आजार तीव्र, 10 ते 22 मध्यम, 10 पर्यंत सौम्य, 2.8 पर्यंत शांत. तीन महिन्यांत ही बेरीज निम्म्यावर आली नाही किंवा सहा महिन्यांत किमान 10 च्या आत आली नाही, तर उपचार बदलायला हवा असं समजा. त्याआधी मेथोट्रेक्सेट 20 ते 25 मिलिग्रॅमपर्यंत वाढवून पाहिलेलं असावं, अर्थात सोसत असेल तर. तुमच्यासाठी यात एक खाचखळगा आहे: त्या 28 सांध्यांमध्ये पावलांचे सांधे धरलेले नाहीत. तुमचे चवडे सुजतात. त्यामुळे आकडा चांगला आला आणि चवडे सुजलेलेच राहिले, असं होऊ शकतं. भेटीच्या वेळी बूट-मोजे काढा आणि पाय दाखवाच. हाता-पायांचे एक्स-रे सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने काढून ठेवले तर तुलना करता येते.

अँटी-सीसीपीसारख्या अँटिबॉडींचं प्रमाण खूप जास्त असेल किंवा पहिल्याच एक्स-रेमध्ये हाड कुरतडलेलं दिसत असेल, तर डॉक्टर टीएनएफरोधकाकडे लवकर वळतात. तेव्हा आधी क्षयाची तपासणी होते आणि ती टाळण्यासारखी नाही. शरीर क्षयाच्या सुप्त जंतूंना पेशींचं कडं करून कोंडून ठेवतं, ते कडं टिकवण्याचं काम टीएनएफ करतो. त्याला अडवलं की कोंडलेले जंतू सुटू शकतात. सुप्त क्षय सापडला तर आधी त्याचे उपचार सुरू करतात आणि काही आठवड्यांनी हे इंजेक्शन. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घ्यायच्या असतील तर आत्ताच विषय काढा, आणि जिवंत विषाणूची कोणतीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आजार मुळापासून जातो का, याचं आजचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तो शांत होतो, वर्षानुवर्षं शांत राहू शकतो, लवकर उपचार झालेल्यांमध्ये हे अधिक घडतं. पण सगळी औषधं एकदम सोडली तर बहुतेकांमध्ये तो परततो. कारण या आजाराची सुरुवात सांध्यात होतच नसावी. 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पुढे ऱ्हुमॅटॉइड झालेल्या रक्तदात्यांचे जुने साठवलेले नमुने तपासले. सुमारे निम्म्या जणांच्या रक्तात आर.ए. फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी लक्षणांच्या आधीपासून होते, साधारण साडेचार वर्षं आधी. त्या काळात त्यांचे सांधे ठणठणीत होते. सिगारेटच्या धुरामुळे फुप्फुसातली प्रथिनं बदलतात, त्यांच्यातल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं, आणि काही विशिष्ट जनुकं असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनांना परकं समजते. 2006 मध्ये स्टॉकहोमच्या लार्स क्लारेस्कोग यांच्या गटाने धूम्रपान आणि ही जनुकं यांचा एकत्रित धोका दाखवून दिला. हिरड्यांच्या जुनाट आजारातला एक जिवाणूही असाच बदल घडवू शकतो.

यावरून तुमच्या बहिणीबद्दल बोलता येईल. तिला सांध्यांचा काहीच त्रास नसेल तर रक्ततपासणी करू नका. बहिणीचा धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो, तरी एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा एकाला हा आजार असताना दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण 15 टक्केच आहे. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या तर तिला देण्यासारखा मान्यताप्राप्त प्रतिबंधक उपचार आज नाही. 2024 मध्ये अँटिबॉडी असलेल्या आणि सांधे दुखणाऱ्या, पण अजून सूज नसलेल्या लोकांना अबाटासेप्ट हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं इंजेक्शन देऊन पाहिल्याचे निष्कर्ष आले. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या चाचणीत वर्षभर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 6 टक्के लोकांना आजार झाला, न घेतलेल्यांपैकी 29 टक्क्यांना. इंजेक्शन थांबवल्यावर पुढच्या वर्षात हे अंतर बरंच कमी झालं: 25 आणि 37. आशा वाटावी असं हे काम आहे, पण निरोगी वाटणाऱ्या बहिणीला त्यातून आज औषध मिळत नाही.

तिने करायच्या गोष्टी दोनच. सिगारेट सोडायची, आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जायचं. (तुमच्या घरात तिच्या सिगारेटचा धूर होत असेल तर तो तुमच्यासाठीही वाईट आहे.) शिवाय तिला एक साधी चाचणी शिकवून ठेवा. हस्तांदोलन करताना पकडतो तशी दुसऱ्याने तिच्या हाताची, बोटं जिथे तळव्याला जोडलेली असतात ती रांग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायची. पायाच्या चवड्याचंही तसंच. दाबल्यावर कळ आली, सकाळचं आखडणं अर्ध्या तासाहून जास्त टिकू लागलं किंवा एखादा सांधा सुजला, तर सहा आठवड्यांच्या आत तिला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे न्या आणि तुमचं निदान त्यांना आधीच सांगा. त्या वेळी मात्र अँटी-सीसीपी करायलाच हवी.